भाव काय निघाला

वरवट बकालात आमचं घर हसरं म्हणून नावाजलेलं होतं. लोक म्हणायचे, यांच्या ओसरीवर घटकाभर टेकलं की माणूस पोट धरूनच उठतो. खरं होतं ते. हसायचं कशावर, तर माणसांवर. मोठे बाबा, म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, ओसरीतल्या बाजेवर मांडी ठोकून बसत आणि तंबाखू मळता मळता गावातल्या एकेकाची फजिती सोलून पाहुण्यांपुढे ठेवत. कोणाचं धोतर बैलबंडीच्या चाकात अडकलं, कोणाची बायको रुसून माहेरी निघाली आणि भलत्याच बसमध्ये बसली, कोण कसं तोतरं बोलतं. आमच्या भागातलं विहिरीचं पाणी खारं, त्यामुळे चहाही खारट. नवखा पाहुणा पहिल्या घोटाला तोंड वाकडं करी, की त्याच्या तोंडावरही सगळे हसत. माणूस पडला की आधी हसायचं आणि मग उचलायचं, असा आमच्या घरचा रिवाज होता, आणि बहुतेकदा ते उचलायचं राहूनच जाई. लोकांना आपलं बालपण आठवलं की गहिवर येतो म्हणे. मला संताप येतो. सत्तरी उलटली तरी येतो, आणि त्याची मला काडीची लाज वाटत नाही.

या हसऱ्या घरात एक माणूस हसत नसे. माझी आत्या, मोठ्या बाबांची धाकटी बहीण. नाव कौतिका, पण जन्मात तिनं कोणाचं कौतुक केलं नाही. सासरी तिला ज्वारीच्या कोठीत कोंडून ठेवत. भाकर करपली, कोंड. पोर होत नाही, कोंड. शेवटी एक दिवस पाण्याला म्हणून घागर घेऊन निघाली, घागर एस.टी. थांब्यावर ठेवली आणि गाडीत बसून माहेरी आली. यावरही आमच्या ओसरीत विनोद होता. मोठे बाबा म्हणत, "आमच्या कौतिकीजवळ बसू नोका, उंदरं मांगं लागतात, अंगाले ज्वारीचा वास येते तिच्या." आणि आत्या आत चुलीशी ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापत हे सगळं ऐकत असे. ती उन्हाळा-हिवाळा दारापाशीच बाज टाकून झोपायची आणि दाराच्या एका फळीला फुटक्या जात्याचा दगड लावून ठेवायची, म्हणजे दार लागू नये. थंडी आत येते म्हणून मोठी आई, मोठ्या बाबांची बायको, बडबड करायची. आत्या म्हणायची, "तुले थंडी वाजते तं दोन वाकळा घे. दगडाले हात लावला तं तोच घालीन डोक्यात." आम्ही पोरं तिच्या वाऱ्याला उभी राहत नसू. तिच्या तोंडून प्रेमाचा शब्द निघालेला मी कधी ऐकला नाही, आणि निघाला असता तर आम्ही घाबरून पळालो असतो.

ओसरीलाच लागून कापसाची खोली होती. कापूस पिकवणाऱ्या घरात अशी एक खोली असायचीच. वेचून आणलेला कापूस तिच्यात टाकत जायचा, ढीग जसा वर चढेल तशा चौकटीत आतून एकावर एक आडव्या फळ्या बसवायच्या, म्हणजे कापूस बाहेर लोटत नाही, आणि बाहेरून दार लावून कडी घालायची. भाव चढेपर्यंत कापूस तिथंच. खोलीत जास्त मावावा म्हणून तो तुडवावा लागे, आणि ते काम पोरांचं. मोठा माणूस वर चढला तर मऊ कापसात रुततो, पोर हलकं असतं. आम्हाला तर तो खेळच होता. फळ्यांवरून आत उतरायचं, आढ्याला डोकं लागेल इतक्या उंचीवर उड्या मारायच्या, कोलांट्या घ्यायच्या. ज्यांनी कच्चा कापूस फक्त गादीत पाहिला आहे त्यांना सांगते, तो आतून गरम असतो, त्यात वाळलेल्या पानांचा चुरा असतो, आणि त्यात आवाज जात नाही.

त्या दिवशी उड्या मारता मारता मी भिंतीकडे गेले. भिंतीलगतचा कापूस दाबला गेलेला नव्हता. पाय घसरला आणि मी भिंत आणि ढीग यांच्या फटीत डोकं खाली अशी गेले, आणि वरचा कापूस माझ्यामागोमाग आला. हात अंगाखाली अडकले. तोंड उघडलं की कापूस तोंडात. गोठ्याच्या बाजूनं भिंतीत हात जाईल एवढं एक भोक होतं, तिथून वाऱ्याची झुळूक यायची, म्हणून मी आज हे लिहिते आहे. मी "माय वं, माय वं" म्हणून ओरडत होते. माझा आवाज माझ्याच कानापर्यंत पोचत नव्हता. मात्र वरचं मला कळत होतं. माझी चुलत भावंडं अजून उड्या मारत होती. प्रत्येक उडीबरोबर ढीग दबत होता आणि मी आणखी खाली जात होते, आणि ती हसत होती. बिचाऱ्यांना वाटलं, मी पाणी प्यायला गेले. ते हसणं मला भिंतीतून, कापसातून, हाडातून ऐकू येत होतं. हे मी तेव्हा कोणाला सांगितलं नाही. कोणी विचारलंच नाही.

जेवणाच्या वेळी माझ्या ताटावर कोणी बसलं नाही तेव्हा शोधाशोध झाली. बाबांनी, माझ्या वडिलांनी, हातांनी कापूस उपसला आणि पाय धरून मला बाहेर ओढलं. नाकात, तोंडात, केसांत, पापण्यांत कापूस. ओसरीत उभी केली तेव्हा मोठे बाबा सगळ्यांत आधी हसले. "हे पाहा बे, सरकी निंघाली!" आणि मग सगळे हसले, माझी मायसुद्धा डोळ्यांना पदर लावून हसली. ते पहिलं हसणं मी माफ केलं आहे. जिवावरचं टळलं की माणसाला हसू फुटतं, मी नंतर इतक्या घरांत ते पाहिलं. पण दुसऱ्या दिवसापासूनचं हसणं मी माफ केलेलं नाही, आणि करणारही नाही.

कारण दुसऱ्या दिवशी मोठ्या बाबांनी त्याची गोष्ट केली. गोष्टीला शेवटी एक फटका लागतो, तो त्यांनी मनानं जोडला. म्हणे, मला बाहेर काढल्याबरोबर मी डोळे उघडले आणि विचारलं, "भाव काय निघाला?" मी असं काही बोलले नव्हते. मी रात्रभर काहीच बोलले नव्हते. पण गोष्ट इतकी गोड झाली की गावभर झाली, आणि पाहुणा आला की मला हाक जायची, "सरके! इकडे ये वं. पाहुण्यायले सांग, कापसातून निंघाल्यावर तू काय म्हनलं होतं?" मी जायची. खांबाला टेकून उभी राहायची. आणि म्हणायची, "भाव काय निघाला." ओसरी हादरायची. कोणी गालगुच्चा घ्यायचं, कोणी पेढा द्यायचं. हळूहळू मलाच वाटू लागलं की मी तसं खरंच म्हणाले असेन. पोराच्या तोंडातला घास काढतात तशी त्यांनी माझ्या तोंडातली खरी गोष्ट काढून घेतली आणि स्वतःची कोंबली. मी सात-आठ वर्षांची होते.

आता माझं काय झालं ते ऐका, म्हणजे या हसऱ्या लोकांची नजर किती तीक्ष्ण होती ते कळेल. मी वाकळ डोक्यावरून घेईना. झगा डोक्यातून घालू लागले की किंचाळायची, शेवटी मायनं पुढून बटणं लावून दिली. अंथरूण ओलं व्हायला लागलं. दुधातल्या शेवया पाहिल्या की ओकारी. आणि सगळ्यांत वाईट खोड म्हणजे मी जिभेवर बोट फिरवायची. जिभेला एक तंतू चिकटला आहे असं वाटायचं, तो ओढून काढायची, बोट पुसायची, की पुन्हा तंतू. दिवसभर. शाळेत गुरुजींना ते घाण वाटायचं. ते पट्टी मारायचे त्याच बोटावर. केवढे विद्वान! पोराचं बोट तोंडात का जातं हे विचारायला अक्कल लागते, पट्टी मारायला लागत नाही. घरी मोठ्या आईनं मीठ-मिरच्या उतरवल्या, खोलीच्या उंबऱ्याची माती कपाळाला लावली, गळ्यात ताईत घातला. तो ताईत मी चोखत बसायची, तर त्यावरही हशा. रोग रेड्याले अन् औषध पखालीले, म्हणतात ते असं.

मागे एकदा बुलढाण्याला शिक्षकांचं प्रशिक्षण होतं. निवृत्त मुख्याध्यापिका म्हणून मला पुढच्या खुर्चीत हार-नारळ देऊन बसवलं होतं. पुण्याकडचा एक पोरगेला माणूस पडद्यावर चित्रं दाखवत होता, भेदरलेलं मूल कसं ओळखावं. अंथरूण ओलं करतं, एकच चाळा पुन्हा पुन्हा करतं, विशिष्ट आवाजाला दचकतं, त्याला बोलतं करण्याची घाई करू नका, त्याच्यावर हसू नका, त्याला सगळ्यांसमोर उभं करू नका. पोरगं बरोबर बोलत होतं. अक्षर न् अक्षर बरोबर. मागच्या रांगेत आमचे गुरुजन मोबाइल खाजवत होते. चहाच्या वेळी त्यांतले एक ढेरपोटे म्हणाले, "मॅडम, आपल्या वेळी हे असलं काई नव्हतं. दोन रट्टे देल्ले का पोट्टं जागेवर. आपन काय मेलो?" आणि सगळे खदखदून हसले. आपल्या वेळी नव्हतं म्हणे. होतं हो, सगळं होतं, तुम्हाला डोळे नव्हते. मी हे त्यांना सांगितलं. पण सांगण्याआधी, त्या हशाबरोबर, माझं बोट जिभेवर गेलं होतं.

ओळखलं एकाच माणसानं. एके सकाळी आत्या चुलीशी होती आणि मी तिच्या बाजूला राखेत रेघोट्या ओढत बसले होते. बाहेर ओसरीत कोणाच्या तरी फजितीवर हशा उसळला. माझं बोट तोंडात गेलं. आत्यानं तव्यावरची भाकर उलटली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "हासणं आयकलं का जीभ पुसतं तू." तिनं भाकर निखाऱ्याला लावली. "ते पोट्टे वर हासत होते?" मी मान हलवली. "हाव." आत्यानं जवळ घेतलं नाही, डोक्यावरून हात फिरवला नाही, तिचे हात पिठाचे होते. भाकर फुगली तशी तिनं ती माझ्या ताटलीत टाकली, वर मिरचीचा ठेचा घातला आणि म्हणाली, "खाय. तिखटानं जीभ साफ होते." इतकंच. पण त्या दिवसापासून माझं अंथरूण तिच्या बाजेपाशी आलं, उघड्या दाराशी. अंथरूण ओलं झालं तर ती शिव्या देत धुवायची, "मुडदा बशिवला तुमचा," पण शिव्या मला नसायच्या, ओसरीकडे तोंड करून असायच्या. मी रात्री जागी झाले की दाराच्या फटीतून अंगण दिसायचं, आणि मी परत झोपायची. पाहुणे आले की ती मला हटकून कामाला पाठवायची, गोठ्यात, विहिरीवर, कुठंही. मोठ्या बाबांनी हाक मारली तर आतून ओरडायची, "घरी नाही ते!" माझी खोड हळूहळू कमी झाली. मी पुन्हा शेवया मात्र खाल्ल्या नाहीत.

पुढच्या हंगामात शेतात सीतादही झालं. आमच्याकडे वेचणीला हात लावण्याआधी पऱ्हाटीच्या झाडांना कापसाचा धागा गुंडाळतात, दहीभाताचा नैवेद्य दाखवतात, मग वेचायला सुरुवात. दहीभाताची ताटं हातात घेऊन सगळे बांधावर बसलेले, वर ऊन, आणि मोठ्या बाबांनी मोठ्यानं जाहीर केलं, "यंदा खोली भरली का आमची सरकीच आंधी चढन. भेव जिथं लागलं तिथंच निंघते. दार लावून घेतो, घटकाभरात हासत बाहीर नाही आली तं मिशी उतरवीन!" बायका हसल्या. बाबा म्हणाले, "दादा, राहू दे ना." मोठे बाबा म्हणाले, "तुह्यासारखीच भित्री करतं का तिले?" बाबांनी खाली पाहून भात कालवला. माझे बाबा चांगले होते, पण ते नेहमी भातच कालवत राहिले. आणि आत्या त्या दिवशी काही बोलली नाही, त्यामुळे मला वाटलं तीही त्यांना सामील आहे.

त्यानंतर माझ्यासाठी दुसरं काही उरलं नाही, फक्त कापसाच्या खोलीची ती चौकट. शाळेतून आले की आधी तिच्याकडे बघायची. पहिली फळी बसली. कापूस वाढला. दुसरी बसली. वेचणाऱ्या बाया डोक्यावरून गाठोडी आणून ओसरीत टाकायच्या, हसत-खिदळत मोजून द्यायच्या, आणि मी त्यांच्या गाठोड्यांकडे शत्रूसारखी पाहायची. फळी माझ्या गुडघ्याला आली, छातीला आली, डोक्यावर गेली. माझं बोट पुन्हा जिभेवर. अंथरूण पुन्हा ओलं. मी देवाला म्हणत होते, पाऊस पड, आग लाग, बोंडअळी ये, काहीही कर. माय ते पाहत होती आणि म्हणत होती, "एकदा जाऊन ये वं बाई, म्हंजे त्यायचं बी समाधान होईन." कोणाचं समाधान, ते तिनं विचारून पाहिलं नाही.

दिवस ठरला तो पाहुण्यांवर. माझ्या चुलत बहिणीचे सासरे, म्हणजे मोठ्या बाबांचे व्याही, भाच्याला घेऊन जेवायला आले होते. पाटोडीचा रस्सा, भाकरी, तळलेले ज्वारीचे बिबडे, जेवणं उरकली, पानसुपारी झाली, आणि भर दुपारी मोठ्या बाबांनी गोष्ट रंगवून सांगितली. मग हाक. या वेळी आत्या "घरी नाही" म्हणाली नाही. मी खांबापाशी उभी राहिले, "भाव काय निघाला" म्हणाले, हशा झाला, आणि त्या हशातच मोठ्या बाबांनी मला काखेत उचललं आणि खोलीकडे निघाले. मी ओरडले नाही. माझं अंग लाकडासारखं झालं होतं. बाबा उठले, आणि उभेच राहिले. व्याही कौतुकानं पाहत होते.

आत्या आतून आली ती पदराला हात पुसत. "दादा," ती म्हणाली, "पोट्टीले असं टाकू नोको. आंधी तू चढून दाखव. तुले पाह्यलं म्हंजे हिंमत येईन तिले."

मोठे बाबा थांबले. पाहुण्यांसमोर बहिणीनं हिंमतीचा शब्द काढला होता. "हे बी खरंच हाय," ते म्हणाले, मला खाली ठेवलं, धोतर खोचलं आणि फळ्यांवर पाय देत वर चढले. वर जाऊन आमच्याकडे वळले, हात पसरले, "पाहा, काई हाय का इथं?" आणि धपकन मांडी घालून बसले. कापूस नुकताच टाकलेला होता, तुडवलेला नव्हता, आणि मोठे बाबा चांगले खातेपिते गृहस्थ होते. ते कमरेपर्यंत आत गेले. व्याही हसले. मोठे बाबाही हसले. आत्यानं दाराच्या दोन्ही फळ्या ओढून दार लावलं, कडी घातली, फुटक्या जात्याचा दगड उचलून दाराशी ठेवला आणि त्याच्यावर बसली.

आतून आधी हसू आलं. मग, "कौतिके, पुरे झाली मस्करी." मग, "उघड वं, अंधार हाय." मग नुसतं "ए! ए!" आणि मग तो आवाज बारीक झाला, कारण ते उठायला धडपडत होते आणि जितकं धडपडतील तितके आत जात होते. मी म्हटलं ना, कापसात आवाज जात नाही. दारापाशी कान असूनही तो कुठल्या तरी दुसऱ्या घरातून आल्यासारखा येत होता. व्याह्यांचा भाचा अजून हसत होता. आत्या त्याच्याकडे वळून म्हणाली, "हास ना. काऊन थांबला? आमच्या घरात असंच हासतात. हे लेकरू आतमंदी मरून राह्यलं होतं तवा बी वर हासूनच राह्यले होते, अन् सालभर झालं, अजून हासूनच राह्यले. तिची जीभ पाह्यली कोनी? हासणं सुरू झालं का ते जीभ पुसते. घरात एवढे डोळे, एकाले नाही दिसलं." भाच्याचं हसू गेलं. मोठी आई धावत आली, "कौतिके, उघड! दम लागून मरतीन ते!" आत्या माझ्याकडे वळून म्हणाली, "मी नाही उघडत. शके, तू उघड. तुह्या मनात येईन तवा."

मी लगेच उघडलं नाही. हे मी लपवत नाही आणि मला त्याचं वाईटही वाटत नाही. मी दाराजवळ गेले आणि ऐकलं. आत ते शिव्या देत होते, मग देव घेत होते, बाहेर सगळे माझ्या तोंडाकडे पाहत उभे होते. त्या ओसरीत पहिल्यांदाच कोणी मला काही बोलायला सांगत नव्हतं. मग आतून आलं, "माय वं." बारीक. पुन्हा, "माय वं." त्यांची माय जाऊन किती तरी वर्षं झाली होती. ते ऐकलं आणि माझे हात आपोआप कडीकडे गेले. आत्या दगडावरून उठली. कडी उंच होती, मी दगडावर चढून काढली.

बाबांनी आणि व्याह्यांनी ओढून त्यांना बाहेर घेतलं. डोक्यावर कापूस, मिशीत कापूस, पापण्यांत कापूस. ओसरीच्या मधोमध उभे. कोणी हसलं नाही. एवढं मोठं हसरं घर, आणि चिटपाखरू हसलं नाही. त्या शांततेत मी, सालभराच्या शिकवणीप्रमाणे, कोणीही हाक न मारता, खांबाला टेकून म्हणाले, "मोठे बाबा, भाव काय निघाला?"

मी टोमणा मारला असं पुढे लोकांना वाटलं. नाही हो, टोमणा मारण्याइतकं वय नव्हतं. कापसानं भरलेलं माणूस बाहेर आलं की हेच म्हणायचं असतं, असं मला शिकवलं होतं. मोठ्या बाबांनी माझ्याकडे पाहिलं, पहिल्यांदा, म्हणजे खरंच पाहिलं. मग त्यांचं बोट तोंडाकडे गेलं आणि त्यांनी जिभेवरचा तंतू काढला.

त्यांना शहाणपण आलं, असं मात्र समजू नका. असली माणसं शहाणी होत नाहीत, फक्त गप्प बसतात. आत्याशी ते मरेपर्यंत बोलले नाहीत. तिला घराबाहेर काढायची भाषा दोन दिवस झाली, पण काढलं असतं तर का काढलं ते गावाला सांगावं लागलं असतं. म्हणून ती राहिली. मी त्या खोलीत पुन्हा कधी चढले नाही, मला कोणी चढ म्हटलं नाही, आणि "सरकी" ही हाकही बंद झाली. ओसरीतल्या गोष्टींतून माझी गोष्ट गेली. ती सांगितली की दुसरी आठवणार, अशी पंचाईत झाली होती. बाकीच्यांच्या फजित्या सुरूच होत्या, त्यांना काही आत्या नव्हती.

मी शिकले, मास्तरीण झाले. माझ्या वर्गाचं दार कधी लावलं नाही, पावसात पोरं भिजली तरी. कुठलं पोर कशाला दचकतं हे मी बोटांवरून आणि ओठांवरून ओळखायची, आणि ओळखल्यावर त्याला काही विचारायची नाही, नुसती माझ्या टेबलापाशी जागा द्यायची. हे मला कोणत्या प्रशिक्षणात शिकवलं नाही.

आत्या गेली ती भल्या पहाटे, त्याच बाजेवर. मी शाळेला सुट्टी टाकून पहिल्या बसनं पोचले तेव्हा ऊन अंगणात उतरलं होतं. तिला आत घेऊन ठेवलं होतं, बायका भोवती बसल्या होत्या. मोठे बाबा तोवर केव्हाच गेले होते. दार लावलेलं होतं. जात्याचा दगड कोणीतरी अंगणात नेऊन टाकला होता, त्याच्यावर कोणाच्या तरी चपला ठेवल्या होत्या. मी चपला खाली टाकल्या, दगड उचलून आणला, दार उघडलं आणि फळीला दगड लावला. आत्याच्या तोंडावर उजेड पडला.

म्हातारी मोठी आई म्हणाली, "अवं शके, दार लाव ना. कुत्रं येईन आत."

"येऊ द्या," मी म्हटलं, "कुत्रं हासत तं नाही."